मोजून दिलेलं पाणी

मामंजींच्या दोन्ही किडन्या गेल्या असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहूनच टाकते, आडपडदा कशाला. मनात आलं, बरं झालं. नवरा शेजारी डोळे पुसत होता. मी पदर तोंडाला लावला तो हसू दिसू नये म्हणून. माझी डावी किडनी अठरा वर्षांपूर्वी याच मिरजेत, दुसऱ्या एका दवाखान्यात काढली होती आणि ती ज्यांच्यामुळं गेली ते माझे सासरे आता समोर स्ट्रेचरवर तोंड सुजवून पडले होते. घरातलं कुणी किडनी देऊ शकेल का, असं डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्याला शुगर, त्याचं बादच. मग डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडं एकच आहे. हे सांगताना मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू.

मी कृष्णाकाठची. माहेरचं धुणं नदीवर, पोहणं नदीवर, उन्हाळ्यातसुद्धा आम्ही पोरी पाण्यातनं बाहेर निघायचो नाही. बारावी सायन्स सांगलीत केलं, बायॉलॉजीत चांगले मार्क पडले, आणि वडिलांनी स्थळ बघितलं ते माण तालुक्यातलं. सासरा फौजेतनं आलेला, शिस्तीचं घर, स्वतःची जमीन. सगळे हरखून गेले. आमच्याकडं मुलगी देताना शेती किती, नोकरी कुठं, भाऊ किती, सगळं खोदून खोदून विचारतात. विहिरीला पाणी किती महिने असतं, हे माझ्या बापानं विचारलं नाही. नदीकाठच्या माणसाच्या ते डोक्यातच येत नाही. मला तरी कुठं आलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. पाणी टँकरनं यायचं, तेही कधी चार दिवसांनी, कधी सहा. आमच्या सोप्यात निळी पिंपं ओळीनं मांडलेली आणि प्रत्येकाच्या झाकणाला कडी-कुलूप. किल्ली मामंजींच्या करदोट्याला. फौजेत ते हवालदार होते, पण आमच्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि मेजरसाहेबांनी घराची पलटण केली होती. बायकांना दिवसाला प्यायला दोन तांबे, पुरुष रानात राबतात म्हणून त्यांना चार. आंघोळ दगडावर बसून, खाली घमेलं ठेवून, ते पाणी म्हशीला. जादा पाणी हवं असेल तर मामंजींच्या बाजेसमोर उभं राहून मागायचं. नुसतं मागून भागत नव्हतं, कारण सांगायला लागायचं. मामंजी, एक तांब्या मिळंल का, डोकं धुवायचंय. मामंजी, एक तांब्या मिळंल का, कळशी लवंडली. ते मिशीवरनं हात फिरवत ऐकून घ्यायचे आणि मग किल्ली काढायचे, नाहीतर नाही काढायचे. सहा वर्षं मी अशी मागत होते.

वर भाषण असायचं ते वेगळंच. त्यांची बरीचशी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात गेलेली. उंट आठवडाभर पाण्याशिवाय चालतो, त्याची लघवी काकवीसारखी घट्ट असते आणि लेंडी एवढी कोरडी की ताजी चुलीत घातली तरी पेटते. तिकडं एक उंदीर आहे, तो जन्मात पाणी पीत नाही, दाण्यातनंच त्याचं भागतं. पाखरू मुतत नाही, चुन्यासारखं पांढरं टाकतं. पाल बघा, काळ्या लेंडीच्या टोकाला तेवढा पांढरा ठिपका. सगळी जनावरं पाण्याची किंमत जाणतात, न जाणणारी जात एकच. असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे. नदीकाठची माणसं म्हणजे माशाची जात, पाण्यात खायाचं आणि पाण्यातच मुतायचं, म्हणायचे. सोप्यात बसलेले सगळे हसायचे. माझा नवरासुद्धा हसायचा, तो एक वेगळाच हिशेब आहे, तो मी त्याच्याकडनं वेगळा चुकता करून घेतला.

संताप याचा यायचा की त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बारावीला मला हे सगळं पाठ होतं. खाल्लेल्या प्रथिनांतनं नायट्रोजनचा कचरा होतो आणि तो प्रत्येक प्राण्याला बाहेर टाकावाच लागतो. मासा तो अमोनिया करून कल्ल्यांतनं सोडून देतो. अमोनिया जहाल विष, पण भोवती पाणीच पाणी, त्याचं काय बिघडतंय. पाखरं आणि पाली त्याचं युरिक आम्ल करतात, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पांढऱ्या लगद्यासारखं पडतं आणि पाणी अंगातच राहतं. आपण मधले. आपला युरिया, आणि युरिया बाहेर काढायला पाणी लागतंच लागतं. शेळी आपल्यापेक्षा घट्ट लघवी करू शकते, उंट तिच्याहून घट्ट, तो वाळवंटातला उंदीर तर सगळ्यांच्या वर. माणसाच्या किडनीला तेवढं जमत नाही. पाणी कमी पडलं की खडे धरतात. हे मला येत होतं, आणि मी डोक्यावर पदर घेऊन, भाकरी थापत, माशाच्या जातीची म्हणून हसून घेत होते. तोंड होतं, पण सासरी ते उघडायचं नसतं असं आईनं बजावून पाठवलं होतं. आईचाही राग येतो कधीकधी.

सहाव्या वर्षीच्या चैत्रात माझी डावी कूस दुखायला लागली. आधी कळ येऊन जायची, मग थांबेच ना. लघवीला आग, अंगात ताप. सासूबाईंनी ओवा चावायला दिला, वात असेल म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीला धरत धरत मामंजींच्या बाजेसमोर गेले आणि एक तांब्या पाणी मागितलं. कारणही सांगितलं, पोटात आग पडलीय. ते उठले. किल्ली काढली, कुलूप उघडलं, तांब्या भरला. मी हात पुढं केला. ते माझ्या शेजारनं पुढं गेले आणि दावणीला सकाळीच व्यालेली शेळी होती तिच्यासमोर पाटीत तांब्या ओतला.

"हिनं दोन करडं घातली आनि सकाळपासनं घोट न्हाई मागितला," ते म्हणाले. "लेंड्या बघ, खडखडीत. जनावराला जमतंय, तुला न्हाई?"

शेळीचा राग नाही मला, तिला गरज होतीच. पण ती पाटी चाटून पुसून कोरडी होईपर्यंत मी तिथं उभी होते आणि तेव्हा जे ठरवलं ते ठरवलं. पुढं पंधरा दिवसांनी बेशुद्ध झाल्यावर मला मिरजेला आणलं. खड्यानं वाट अडवली होती आणि वर पू झाला होता. किडनी वाचली नाही. टाके सुकल्यावर नवऱ्याला एवढंच सांगितलं, मी परत माणला येणार नाही, तुला यायचं तर इथं ये. तो आला. माधवनगरला एका कारखान्यात पाळीवर लागला, मिरजेत दोन खोल्या घेतल्या, आणि मी शाळेतल्या पोरांच्या सायन्सच्या शिकवण्या सुरू केल्या. मामंजींशी मी त्यानंतर सणासुदीला पाया पडण्यापलीकडं बोलले नाही. सासूबाई गेल्या. माणला कालव्याचं पाणी आलं, लोकांनी तिथं ऊस लावला. आणि घराला नळ आल्यावर मेजरसाहेबांच्या किडन्या बसल्या. शुगर होतीच, वर गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या.

तर असे ते माझ्या घरी आले. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, रिक्षानं नेणं-आणणं माझ्याकडं, कारण नवऱ्याची पाळी. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की लघवी जवळजवळ बंद आहे, त्यामुळं प्यालेलं सगळं अंगातच साठणार, फुप्फुसात उतरणार. दिवसाला सातशे मिली. पाणी, चहा, आमटी, ताक, पातळ जे जे पोटात जाईल ते सगळं धरून सातशे. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, कसं गं होणार, त्यांना कसं सांगायचं. मी म्हटलं, मी सांगते.

शिकवणीच्या पोरांना आकारमान शिकवायला मी प्लास्टिकचं एक लिटरचं मोजपात्र आणलं होतं, निळ्या रेघांचं. सकाळी चहा आणि आमटीचं वजा करून उरलेलं पाणी त्यात भरायचं आणि मामंजींच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवायचं. दिवसभराचं एवढंच. मला दुसरं काहीही नको होतं त्यांच्याकडनं, माफी नको, जमीन नको. त्यांनी एकदा माझ्यासमोर तोंड उघडून पाणी मागावं, कारण सांगून मागावं, आणि मी नाही म्हणावं. एवढ्यासाठी मी त्यांची पथ्याची भाजी दोनदा उकडून पाणी फेकत होते, डायलिसिसची सुई टोचायला शीर जोडून केलेल्या त्यांच्या फिस्तुल्याच्या हातावर कुणी दाब देऊ नये म्हणून भांडत होते.

ते मागेनात. दोन आठवडे सातशे दिलं, चकार शब्द नाही. मग मी सहाशे केलं. ते एक घोट तोंडात घेऊन कितीतरी वेळ गिळायचे नाहीत, गालात धरून बसायचे. मिरजेचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर नुसतं ऐकून कळायचा नाही, पत्रा दुपारी भाजणीच्या तव्यासारखा तापतो. ओठाला भेगा पडल्या. तरी मागेनात. मग मी पाचशेवर आणलं. दारात उभी राहून त्यांची जीभ ओठावरनं फिरताना बघायचे आणि मला मजा यायची. खोटं कशाला सांगू, लय मजा यायची.

शिकवणीत उत्सर्जनाचा धडा मुद्दाम मोठ्यानं घ्यायचे. मासे अमोनिया, माणूस युरिया, पक्षी युरिक आम्ल, पोरं एका सुरात म्हणायची आणि मी खोलीकडं तोंड करून सांगायचे, माणूस म्हणजे शेळी नव्हे, माणसाला पाणी लागतं. एकदा आतनं आवाज आला, उंटाचं न्हाई का रं पुस्तकात? झालं. पोरं आत पळाली. मामंजींनी त्यांना उंट सांगितला, तो उंदीर सांगितला, रणगाड्याच्या सावलीत दुपार कशी काढायची ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासनं पोरं आल्या आल्या आधी कॉटपाशी. चाचणीत वाळवंटातल्या उंदरावर पोरांनी पान पान लिहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझीच पोरं, माझंच घर.

त्याहून कहर डायलिसिसच्या खोलीत झाला. तिथं मशीनला जोडायच्या आधी प्रत्येकाचं वजन करतात, दोन खेपांच्या मधे किती पाणी साठलं ते त्यावरनं कळतं. लोक तीन-तीन, चार-चार किलो वाढून येतात, धापा टाकत. मामंजींचं सगळ्यात कमी. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, ताई, तुम्ही कसं करता हो, यांच्यासारखा पेशंट आमच्याकडं दुसरा नाही. मग दुसऱ्या पेशंटच्या बायका, सुना माझ्याभोवती गोळा केल्या आणि मला सांगायला लावलं. मी सांगितलं, मोजपात्र आणा, सकाळीच भरून ठेवा, मागितलं तरी देऊ नका. एकीनं वहीत लिहून घेतलं. मामंजी मशीनला जोडलेले, छताकडं बघत सगळं ऐकत होते. त्यांना छळायला मी जे करत होते त्यानं ते ठणठणीत होत चालले होते. सूज उतरली, धाप गेली, दाढीसुद्धा स्वतः करायला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

असे चार महिने गेले. मग एक दिवस मेढ्याकडचे त्यांचे पलटणीतले एक जोडीदार भेटायला आले. मेढा म्हणजे पावसाचा मुलूख, तिथल्या माणसाला पाणी मोजतात हे सांगूनही पटत नाही. आजाऱ्याला बघायला जाताना मिरजेच्या दवाखान्यांसमोर गाड्यावरनं शहाळी घ्यायची, ही आपल्याकडची रीतच. त्यांनी चार आणली होती, तोंड फोडून, नळ्या घालून. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले आणि परत दारात आले तर जोडीदार एक शहाळं मामंजींच्या तोंडाशी धरून बसलेले.

शहाळ्यात पोटॅशियम. चांगल्या माणसाला अमृत, पण किडनी बंद असलेल्या माणसाचं काळीज त्यानं थांबू शकतं, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या आठवड्यातला त्यांचा रिपोर्टही वर चढलेला होता. मी दारात उभी राहिले. कुणीही मला बोल लावला नसता. जोडीदारानं प्रेमानं आणलं, प्रेमानं पाजलं, सूनबाई आत चहा करत होती. मामंजींचे डोळे त्या नळीवर खिळले होते, गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी हलले नाही. नळी त्यांच्या ओठाला टेकेपर्यंत मी हलले नाही, हे मला माहीत आहे आणि देवाला माहीत आहे.

मग मी धावत जाऊन ते शहाळं हिसकलं. दया आली म्हणून नाही. एवढी चार महिने घासाघीस केली ती काय हे न मागता, गोड पाणी पिऊन सुटून जावेत म्हणून? अर्धं पाणी चादरीवर सांडलं. मी जोडीदारांना पोटॅशियमचं सांगायला लागले, पण ते ऐकायच्या पलीकडं गेले होते. मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढणारी सून मी जल्मात बघितली न्हाई, म्हणाले, आणि चहा न घेता चप्पल घालून गेले. माणपासनं मेढ्यापर्यंत ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं काही खोटं आहे असंही नाही.

मी चादर ओढून काढत होते. मामंजी म्हणाले, बरं केलंस. त्या दोन शब्दांनी माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बरं कसलं, तुमच्यासाठी केलं नाही मी. आणि मग थांबवलंच नाही स्वतःला. म्हटलं, डॉक्टरांनी सातशे सांगितलंय, मी तुम्हाला पाचशे देते. कळलं का, रोज दोनशे मी तुमचं मारते.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "शिस्टर दर खेपंला सांगती, सातशे."

मग माझ्या तोंडातनं निघालं, मग मागितलं का नाही?

"तू मागितलंस तवा मी शेळीला पाजलं," ते म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं मागू?"

अठरा वर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, असं काही ऐकलं की आत गार पडेल. कसलं काय नि कसलं काय. मी पाचशे दिलं ते त्यांनी गुपचूप शिक्षा म्हणून घेतलं होतं, आणि शिक्षा किती भोगायची तेही स्वतःच ठरवलं होतं. माझ्या हातात काही ठेवलं नव्हतं या माणसानं. मला रडू आलं, तेही रागाचं. हातात ओली चादर, आणि मी त्यांना म्हणत होते, मागा की, मामंजी, एकदा मागा. ते मान हलवून नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्यांच्या कॉटसमोर उभी राहून मागतेय आणि ते देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिशेबानं पूर्ण सातशेचं भरून ठेवलं. संध्याकाळी बघते तर दोनशेच्या रेघेवर पाणी तसंच. वाटलं, भूक-तहान कमी असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. मी ओरडले, म्हटलं, हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे, तुमचं आहे, प्या. ते भिंतीकडं तोंड करून झोपले. नवऱ्यानं सांगून बघितलं, त्यालाही दाद दिली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरांना सोडून मी आत गेले तर ते उठून बसले होते. स्टुलावर दोनशे. मला शिकवणीत बोलून बोलून कोरड पडली होती आणि राग तर होताच. मी ते मोजपात्र उचललं आणि त्यांच्यासमोर उभी राहून, त्यांच्या डोळ्याला डोळा लावून, सगळं पिऊन टाकलं. कोमट होतं, प्लास्टिकचा वास मारत होतं. एक थेंब ठेवला नाही. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांची जीभ ओठावरनं फिरत होती.

"आनि लागलं तर सांग," ते म्हणाले.

तेव्हापासनं ते रोज दोनशे ठेवतात आणि मी रोज पिते. पण दोघांनीही मागितलं नाही एकदाही.